मांडलेला ओंडका आणि उगवलेला ओंडका

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) खेळात झाड एका घावात पाडणाऱ्या मॉडने, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जोड-प्रोग्रामने, ओंडक्यांचं घरही साफ केलं, तर खेळाडूने मांडलेला ब्लॉक ओळखायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. माइनक्राफ्ट ओंडक्यावर अशी नोंद ठेवतच नाही. पानांवर तेवढी ठेवतं: हाताने लावलेल्या पानांचा 'पर्सिस्टंट' गुणधर्म चालू असतो, म्हणून ती गळत नाहीत.

तेव्हा वही आपणच ठेवायची. स्पिगॉटवर (प्लगइन नावाचे जोड-प्रोग्राम चालवणाऱ्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर) ब्लॉकप्लेसइव्हेंट, म्हणजे ब्लॉक मांडल्याची सूचना, पकडा आणि त्या चंकच्याच (जगाच्या त्या तुकड्याच्याच) पर्सिस्टंट डेटा कंटेनरमध्ये, म्हणजे चंकसोबत जतन होणाऱ्या कप्प्यात, खूण लिहा. 1.18 आवृत्तीपासून ओव्हरवर्ल्डचा (खेळातल्या मुख्य जगाचा) चंक 16×16×384, म्हणजे 98,304 ब्लॉक. प्रत्येकी एक बिट धरला तरी 12 केबी. वेगळा डेटाबेस कशाला हवाय?

खरी डोकेदुखी पिस्टनची, म्हणजे ब्लॉक ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राची. दिवाळीत बेळगावात पोरं मातीचे किल्ले करतात की, तसा आमच्या भाच्याने खेळात बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला उभा केला, दरवाजा पिस्टनचा. माझं प्लगइन दगड फोडल्यावर गुण देतं. पठ्ठ्या दगड मांडायचा, पिस्टनने सरकवायचा, फोडायचा आणि गुण लाटायचा! खूण जुन्याच जागी राहत होती. पिस्टनचे एक्स्टेंड (पुढे सरकणं) आणि रिट्रॅक्ट (मागे येणं) दोन्ही इव्हेंट पकडा; आधी सगळ्या जुन्या खुणा पुसा, मगच नव्या लिहा, नाहीतर रांगेतले ब्लॉक एकमेकांच्या खुणा खातात.

स्फोटाने, आगीने गेलेल्या ब्लॉकच्या खुणाही पुसा. आणि रोप! तेही 'मांडलेलं'च, त्यामुळे झाड वाढल्यावर बुंध्याचा ओंडका खुणेसकट उभा राहतो आणि तुमचा मॉड तिथेच अडेल. स्ट्रक्चरग्रोइव्हेंटमध्ये, म्हणजे झाड वाढण्याच्या सूचनेत, ती खूण काढून टाका.