शब्दचर्चा : ‘नकळत’, ‘अनवधानाने’, ‘अभावितपणे’ की ‘सवयीने’?

पाटीलेखक (अक्कलकोट रोड, सोलापूर)

यंत्रमाग कारखान्यांसाठी मराठीत सूचनाफलक आणि अपघात-नोंदीचे नमुने तयार करायचे आहेत. जुन्या नोंदवह्यांत ‘कारण’ या रकान्यात फिरून फिरून दोनच शब्द दिसतात: ‘निष्काळजीपणामुळे’ आणि ‘अनवधानाने’. पण माग चालू असताना हात रोजच्या वळणाने पुढे गेला, तर त्याला काय म्हणायचं? प्रशिक्षणाला येणारे वक्ते ‘सुप्त मन’, ‘अवचेतन मन’, ‘अंतर्मन’ असं काहीही म्हणतात. रकान्यात लिहिता येईल असा नेमका शब्द हवा आहे.

व्याकरणवेताळ

हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, पण प्रत्येकात नाकारलेली गोष्ट वेगळी आहे.

‘अनवधानाने’ म्हणजे अवधान नव्हतं, लक्ष नव्हतं. ‘अभावितपणे’ मध्ये लक्षाचा प्रश्नच नाही, तिथे हेतू नाही. ‘अभावितपणे तिच्या डोळ्यांत पाणी आलं’ हे वाक्य बरोबर आहे, तिथे ‘अनवधानाने’ घातलं तर हसू येईल. ‘नकळत’ मध्ये कळणं नाही. ‘चुकून’ फक्त परिणाम सांगतो, कारणाबद्दल अवाक्षर नाही, त्यामुळे कारणाच्या रकान्यात तो निरुपयोगी. आणि ‘निष्काळजीपणा’ हा तर सरळ ठपका आहे. काळजी नव्हती हे लिहिणाऱ्याला कुठून कळलं?

‘नकळत’ वापरताना षष्ठी सांभाळा. ‘नकळत त्याने स्विच दाबला’ म्हणजे दाबणाऱ्याला स्वतःला कळलं नाही. ‘त्याच्या नकळत स्विच दाबला गेला’ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी दाबला आणि याला पत्ता नव्हता. अपघाताच्या चौकशीत या दोन वाक्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘सवयीने’ या सगळ्यांहून वेगळा. त्यात नकार नाहीच. कृती पूर्ण असते, सफाईदार असते, फक्त ती वेळ किंवा ती जागा तिची नसते. रविवारी सिद्धेश्वर मंदिराला निघालेला माणूस सात रस्ता चौकात रोजच्या ऑफिसच्या रस्त्याला वळतो, तेव्हा तो ‘सवयीने’ वळला. वळताना त्याने गिअर बदलला, हॉर्न दिला, रिक्षाला वाट दिली. लक्ष नव्हतं म्हणायचं तर हे सगळं कुणी केलं?

मनशास्त्र

वर दिलेलं रस्त्याचं उदाहरण अगदी नेमकं आहे. चुकांच्या अभ्यासात याला ओळखीच्या क्रियेने अनोळखी क्रियेवर कब्जा करणं म्हणतात. दोन कामांची सुरुवात सारखी असेल आणि त्यांतलं एक हजारदा केलेलं असेल, तर फाटा फुटतो त्या ठिकाणी मेंदू हजारदा केलेल्याकडे जातो. तिथे जाणीवपूर्वक थांबलं नाही की चूक होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मानवी चुकांची जी विभागणी केली, ती तुमच्या रकान्याला कामाची आहे. बेत बरोबर पण हात चुकला, हा एक प्रकार. बेत बरोबर पण मधली पायरी विसरली, हा दुसरा. बेतच चुकीचा, हा तिसरा. आणि नियम माहीत असून मोडला, हा चौथा, वेगळा धरायचा. मराठीत यांना हातचूक, विसर, समजुतीची चूक आणि नियमभंग म्हणता येईल.

नावं वेगळी हवीत, कारण उपाय वेगळे आहेत. समजुतीची चूक प्रशिक्षणाने कमी होते. हातचूक प्रशिक्षणाने जात नाही, कारण ती शिकलेल्याच माणसाकडून होते. नवशिका प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवून असतो, तो वेगळ्या चुका करतो. काम अंगवळणी पडलं की लक्ष मोकळं होतं, ते गप्पांत जातं, घरच्या काळजीत जातं. म्हणून हातचुकीवर उपाय यंत्रात करायचा असतो: जाळी, झाकण उघडलं की बंद पडणारी मोटर, दोन सारख्या दिसणाऱ्या बटणांना वेगळे आकार. ‘सावध राहा’ ही पाटी फक्त सावध माणूसच वाचतो.

‘सुप्त मन’ वगैरेंबद्दल. फ्रॉइडच्या संकल्पनेसाठी मराठी पुस्तकांत ‘अबोध मन’ रुळला आहे. तिथे अर्थ असा की काही इच्छा आणि आठवणी दडपल्या जातात आणि आडवाटेने वर येतात. तुमच्या कामगाराचा हात बेल्टकडे गेला त्यात दडपलेलं काहीही नाही. ‘सुप्त’ तर उलटाच शब्द, कारण त्या क्षणी कामात गुंतलेली यंत्रणा झोपलेली नसते, तीच सर्वात जागी असते. ‘अचेतन’ म्हटलं की मराठी माणसाला निर्जीव वस्तू आठवते, आणि ‘अबोध’ म्हटलं की अबोध बालक. ‘अवचेतन’ हिंदीतून आला आणि भाषणांत रुळला. त्याच्या मुळाशी पिएर झाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1889च्या ग्रंथात वापरलेली संकल्पना आहे. फ्रॉइडने पुढे तो शब्द टाळला, कारण त्यातून दुसरी एखादी जाणीव खाली दडली आहे असं वाटतं.

हरिपाठी

‘नेणीव’ का नको? ‘जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं’ हे पंढरपूरच्या वाटेवर रोज म्हटलं जातं. आपल्या घरचा शब्द आहे.

व्याकरणवेताळ

शब्द देखणा आहे, पण हरिपाठात ‘नेणीव’ म्हणजे न जाणणं, अज्ञान. मनाचा एखादा चालता-बोलता भाग असा अर्थ तिथे नाही. आधुनिक समीक्षेत आणि मानसशास्त्रावरच्या लेखनात ‘नेणिवेच्या पातळीवर’ हा प्रयोग चांगला रुळला आहे, तो तिथे शोभतो. कारखान्याच्या रकान्यात ‘नेणिवेने हात गेला’ लिहिलंत तर निरीक्षक समजेल की कामगाराला यंत्राची माहितीच नव्हती.

जॉबर_पूर्वभाग

सोलापूरच्या पूर्व भागातल्या साध्या मागावरचं उदाहरण घ्या. उभा धागा तुटला की विणकर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, नवा तुकडा गाठीने जोडतो, तो वहीच्या (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून ओढतो, मग फणीच्या (धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्यासारख्या पट्टीच्या) घरातून, आणि कापडाकडे ताणून माग चालू करतो. जुन्या विणकराला याला काही क्षण लागतात, आणि हात नेमकं काय करतात हे विचारलं तर त्याला सांगता येत नाही. दाखवता येतं.

चूक कुठे होते बघा. धागा फणीच्या शेजारच्या घरात जातो. एका घरात धागे जास्त, शेजारी कमी, आणि कापडावर लांबच लांब उभी रेघ. ही हातचूक. वहीचा डोळाच राहिला तर धागा वर-खाली होत नाही, नुसता तरंगतो. तो विसर. नक्षीचा क्रमच चुकीचा वाचला तर ती समजुतीची चूक. तिन्हींना आमच्याकडे एकच शब्द, ‘फॉल्ट’, आणि तिन्हींना एकच शिव्या.

माग डावे आणि उजवे असतात, हँडल वेगळ्या बाजूला. विणकराला दुसऱ्या जोडीवर टाकलं की सुरुवातीला हात जुन्याच बाजूला जातो. गडबड नसेल तर तो लगेच सावरतो. धोटा (आडवा धागा नेणारा) अडकला, माग झटकन थांबवायचा आहे, अशा वेळी मात्र हमखास जुनी बाजू. घाईत नवीन शिकलेलं मागे पडतं आणि जुनं पुढे येतं. बदली दिली की पहिले काही दिवस तो माणूस एकटा सोडू नये, हा नियम याच्यासाठीच.

आणि एक शब्द राहिला: ‘आवाज बदलला’. पिकिंगचा, म्हणजे धोटा फेकण्याचा, ठोका जरा वेगळा पडला की विणकर पाठमोरा असूनही वळतो. काय बिघडलंय हे अजून त्याला माहीत नसतं.

मनशास्त्र

यालाच आपण ‘मनात पाल चुकचुकली’ म्हणतो. ही वेगळी प्रक्रिया आहे, सवयीत मिसळू नका. सवयीत कृती आपोआप होते. इथे कृती होत नाही, फक्त इशारा मिळतो.

आयोवा विद्यापीठात बेशारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेला पत्त्यांचा प्रयोग यासाठी सांगतात. चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत मोठी बक्षिसं पण शेवटी तोटा, दोन गड्ड्यांत लहान बक्षिसं पण शेवटी फायदा. कोणत्या गड्ड्या वाईट हे खेळणाऱ्यांना सांगता येण्याआधीच त्या गड्डीकडे हात नेताना त्यांच्या तळहाताला घाम येऊ लागला होता. पुढे 2004 मध्ये माया आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी खोदून प्रश्न विचारले तेव्हा खेळणाऱ्यांना बरंच आधीपासून कळत होतं असं दिसलं. म्हणजे ‘नकळत’ म्हणण्याआधी ‘नीट विचारलं होतं का?’ हा प्रश्न येतो. तुमच्या चौकशीलाही तो लागू आहे.

पाल चुकचुकली तर ऐकायचं का? कानेमान आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांचं यावर मूळचं मत परस्परविरोधी होतं, 2009 च्या संयुक्त लेखात ते दोन अटींवर एकत्र आले. ज्या कामात अंदाज येतोय ते नियमबद्ध हवं, आणि केलेल्याचं बरं-वाईट लगेच समोर यायला हवं. मागाचा आवाज दोन्ही अटी पुऱ्या करतो. शेअर कोणता वर जाईल याबद्दलचा ‘मनाचा कौल’ करत नाही, मग तो देणारा कितीही अनुभवी असो.

भाकरीतवा

‘पीठ मागेल तेवढं पाणी’ हा प्रयोग या चर्चेत यायलाच हवा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवायला आधणाचं पाणी घालतात, त्याने पिठातला स्टार्च फुगून चिकटपणा येतो. वाटीभर पिठाला पाऊण वाटीच्या आसपास पाणी, असं पुस्तकात लिहितात. पण दळण ताजं की शिळं, बारीक की भरड, पिठाची विरी (चिकटपणा) गेली आहे का, यावर ते बदलतं. थापताना कडेला चिरा पडल्या की पाणी कमी किंवा मळणं कमी. परातीला चिकटली की पाणी जास्त, नाहीतर खाली पीठ कमी. उत्तर तिथल्या तिथे मिळतं, म्हणून हात लवकर ‘बसतो’.

‘हात बसणे’, ‘अंगवळणी पडणे’, ‘हाताला अंदाज येणे’: हे तिन्ही वाक्प्रचार मन हा शब्द टाळतात आणि ज्ञान थेट अंगात ठेवतात. पाटीलेखक, तुम्हाला हवा तो शब्द संस्कृतात शोधू नका.

मनशास्त्र

भाकरीतवा यांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे. 1953 साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एका अमेरिकन रुग्णाला नवं काही लक्षात ठेवता येत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, पण हे काम आधी केल्याचं त्याला दर वेळी आठवत नव्हतं. हाताला माहीत, माणसाला नाही.

व्याकरणवेताळ

मराठी क्रियापदांनी हा भेद आधीच करून ठेवला आहे. ‘मी गुंडी पाडली’ आणि ‘माझ्या हातून (आपल्याकडे ‘हातनं’) गुंडी पडली’. ‘तो बोलला’ आणि ‘तो बोलून गेला’: दुसऱ्यात तोंडावर ताबा नव्हता. ‘करून बसला’ मध्ये केलं हेतूने, पण परिणामाचा विचार नव्हता. ‘मला बघवत नाही’ मध्ये डोळे शाबूत आहेत, आतून परवानगी नाही. जबानी लिहिताना कामगाराचं क्रियापद जसंच्या तसं उतरवा. बरेच कारकून ‘हातनं पडली’ चं ‘मी पाडली’ करून टाकतात, आणि तिथेच हेतू चिकटतो.

पाटीलेखक

मग रकान्यात ‘सवयीची हातचूक’, ‘विसर’, ‘समजुतीची चूक’, ‘नियमभंग’ असे चार पर्याय ठेवतो. ‘अनवधान’ काढूनच टाकू का? आणि नवी सवय 21 दिवसांत लागते असं फलकावर लिहा म्हणतात, ते?

मनशास्त्र

21 दिवसांचं लिहू नका. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून पसरला. त्यात बदललेल्या चेहऱ्याची स्वतःला सवय होण्याबद्दल ‘किमान 21 दिवस’ असं होतं, पुढे ‘किमान’ गळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवसांचा आला, आणि अंदाजे पल्ला 18 पासून 254 पर्यंत. फलकावर दिवसांपेक्षा खूण लिहा: ‘माग थांबला की आधी स्विच बंद, मग हात आत.’ ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशी जोडणी लक्षात राहते, नुसता निश्चय राहत नाही. जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, तेही अंगवळणी पडलेलं काम क्षणभर जाणिवेत आणण्यासाठीच.

‘अनवधान’ ठेवा, पण लक्ष खरोखर दुसरीकडे गेलं असेल तिथेच, आणि ते कशाने गेलं तेही लिहा: फोन, हाक, झोप.

व्याकरणवेताळ

आणि ठेवणार असाल तर ‘अनवधान’ लिहा. बऱ्याच छापील नमुन्यांत ‘अनावधान’ दिसतं, ते चूक आहे.

जॉबर_पूर्वभाग

चारही पर्याय तेलुगूतही छापा. पूर्व भागात नोंदवहीची मराठी वाचून दाखवावी लागते, आणि वाचून दाखवणारा जॉबर (मागांवरचा मुकादम) बहुतेक वेळा त्याच फॉल्टची चौकशी करणारा असतो.