आबांचं आयसीडी शेवटच्या दिवसात बंद करता येतं का?

मिरजेची_लेक
नमस्कार, विषय अवघड आहे पण घरात बोलता येत नाहीये म्हणून इथे विचारते. आबांना (वय ७६) अटॅकनंतर आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले की शॉक देणारं छातीतलं मशीन) बसवलंय, हृदयाचं पंपिंग २५ टक्क्यांच्या आसपास. आता लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर निघाला, केमो झेपणार नाही म्हणून घरीच ठेवलंय, मॉर्फिन चालू आहे. परवा रात्री मशीनने शॉक दिला, झोपेतून ओरडून उठले, थोड्या वेळाने परत एक. तेव्हापासून डोळा मिटायला घाबरतात. मला म्हणाले, "पोरी, हे बंद करा आता." दादा म्हणतो बंद करणं म्हणजे आपल्या हाताने मारणं. डिस्चार्ज देताना या मशीनबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. ऑपरेशन लागतं का? बंद केल्यावर लगेच जातील का?

कॅथलॅब_सिस्टर
ताई, ऑपरेशन अजिबात लागत नाही. प्रोग्रामर नावाचं मशीन असतं, त्याने बाहेरूनच सेटिंग बदलतात, काही मिनिटांचं काम, दुखत नाही. फक्त शॉक बंद करायचे आणि पेसिंग (ठोके मंदावले तर बारीक स्पंद देणं) चालू ठेवायचं असंही करता येतं. आणि नाही, त्या क्षणी काही होत नाही, आबा तुमच्याशी बोलत बसलेले असतील. पुढे कधी हृदयाचा धोक्याचा रिदम (ठोक्यांची लय) आला तर मशीन मध्ये पडणार नाही, एवढाच फरक.

शेवटी शेवटी किडनी मंदावते, पोटॅशियम बिघडतं, ऑक्सिजन उतरतो, त्यामुळे रिदम बिघडायची शक्यता वाढते आणि मशीन बिचारं त्याचं काम करत राहतं, शॉकमागून शॉक. शुद्धीतल्या माणसाला तो छातीत घोड्याने लाथ घातल्यासारखा लागतो आणि त्याने कॅन्सर काही थांबत नाही. म्हणून थांबू नका, उद्याच कार्डिओलॉजिस्टना फोन करा. आयसीडी बसवताना दिलेलं कार्ड शोधून ठेवा, कारण प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर वेगळा असतो आणि डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावर बऱ्याचदा कंपनीचाच माणूस तो घेऊन येतो. तोवर रात्री परत शॉक सुरू झाले तर? त्यासाठी गोल मॅग्नेट मिळतो, तो मशीनच्या बरोबर वर त्वचेवर चिकटवून ठेवला की बहुतेक आयसीडींमध्ये तेवढा वेळ शॉक थांबतात, काढला की परत चालू. आबांच्या मॉडेलमध्ये चालतो का ते डॉक्टरांना आधीच विचारा.

वकिलीण_कोल्हापूर
दादांच्या मनातली भीती खरी आहे, त्यांना वाईट ठरवू नका. पण त्यांना एवढं सांगा की आबांचा जीव आजाराने जाणार आहे, मशीन बंद केल्याने नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या हार्ट ऱ्हिदम सोसायटीने डॉक्टरांसाठी हेच लिहून ठेवलंय की पेशंटने मागितल्यावर आयसीडी बंद करणं म्हणजे इच्छामरण नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, शुद्धीतला सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो हेही त्यातच आहे. लिव्हिंग विलची (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची) प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी झाली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. पण आबा आज स्वतः बोलतायत, हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे! डॉक्टरांसमोर त्यांनाच बोलू द्या, दादांना तिथे बसवा, आणि डॉक्टरांना फाइलमध्ये नोंद करायला सांगा. बेशुद्ध झाल्यावर हाच निर्णय तुम्हा भावंडांवर येईल आणि मग आत्ता आहे त्याच्या दसपट भांडण होईल.

नाशिक_७१
मध्येच विचारतो, आईला नुसता पेसमेकर आहे, तिचंही शेवटी बंद करावं लागतं का?

कॅथलॅब_सिस्टर
नाही काका, पेसमेकर शॉक देत नाही, त्याचे स्पंद इतके बारीक असतात की जाणवतही नाहीत. आणि लोकांना वाटतं तसं त्याने जीव अडकूनही राहत नाही, हृदयाचे स्नायूच थकले की स्पंद जाऊनही ते आकुंचन पावत नाही. उलट पूर्ण त्याच्यावरच अवलंबून असलेल्या माणसाचा बंद केला तर चक्कर, धाप असा त्रास होऊ शकतो, त्यामुळे सहसा तसाच ठेवतात.

मिरजेची_लेक
तुमचे सगळे मेसेज दादाला वाचून दाखवले. पूर्ण पटलं नाहीये त्याला पण डॉक्टरांकडे यायला तयार झाला, कार्डही त्यानेच कपाटातून काढून दिलं. आबांना सांगितलं की परवा डॉक्टरांशी बोलतोय तर म्हणाले, "उद्याच बोला की." अजून एक, विचारायला जीभ रेटत नाही पण, नंतर अंत्यसंस्कारात या मशीनचं काय करायचं?

कॅथलॅब_सिस्टर
बरं झालं विचारलंत. दहन करणार असाल तर मशीन आधी काढावंच लागतं, आतली लिथियम बॅटरी उष्णतेने फुटते, मग सरण असो की विद्युतदाहिनी. मृत्यूचा दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा, छोटा छेद देऊन काढतात. काढायच्या आधी शॉक बंद असणं गरजेचं आहे, नाहीतर काढणाऱ्यालाच शॉक बसू शकतो. आबांचं आधीच बंद झालेलं असेल तरी तो कागद कार्डासोबत जपून ठेवा आणि काढणाऱ्याला दाखवा.