रिप्लाय: गणपतीच्या हॉलचा फॉर्म, "सांस्कृतिक" का लिहिलंय?

मंडळी नमस्कार,

काल सचिवांनी हॉल बुकिंगचा फॉर्म सगळ्यांना पाठवला तो बघितलात का? कार्यक्रमाचा प्रकार या रकान्यात "सांस्कृतिक" वर टिक, शेजारचा "धार्मिक" चौकोन मोकळा आणि खाली वर्णन काय तर "भारतीय हार्वेस्ट फेस्टिव्हल". भाद्रपदात कसलं पीक काढताय हो? प्रतिष्ठापना होणार, अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं होणार, आरतीला टाळ कुटून कुटून हात लाल होणार आणि कागदावर मात्र पीकपाणी.

सचिवांना फोन केला तर म्हणाले, काका पब्लिक स्कूलचा, म्हणजे सरकारी शाळेचा कॅफेटेरिया आहे, धर्म म्हटलं की नाही म्हणतील, इथे अमेरिकेत चर्च आणि स्टेट, म्हणजे धर्म आणि सरकार, वेगळं असतं. हे त्यांना शाळेने सांगितलंय का? नाही. कुणी विचारलंय का? तेही नाही. तीस वर्षं टीव्हीवर आणि पेपरात ऐकून ऐकून आपल्या डोक्यात बसलंय की सरकारी जागेत देवाचं नाव काढलं म्हणजे काहीतरी बेकायदा केलं.

आता जरा कायदा ऐका. न्यूयॉर्क राज्यात मिलफर्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या शाळेने शाळा सुटल्यावर गावातल्या संस्थांना खोल्या वापरायला द्यायचं धोरण केलं होतं, पण लहान मुलांच्या एका बायबल क्लबने जागा मागितली तेव्हा तुमचं धार्मिक आहे म्हणून नाही म्हणाले. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि २००१ मध्ये ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला, की मुलांवर संस्कार करायला इतरांना जागा देता तर तेच काम धर्माच्या अंगाने करणाऱ्यांना दार बंद करता येणार नाही. त्याआधी १९९३ मध्ये लँब्ज चॅपल या चर्चच्या अशाच केसमध्ये तर ९ च्या ९ न्यायाधीश एका बाजूला होते. हायस्कूलमध्ये आपली पोरं हिंदू स्टुडंट्सचा क्लब काढतात ना, तो ज्या इक्वल ॲक्सेस कायद्याच्या जोरावर, त्यावर १९८४ मध्ये रिपब्लिकन रेगनने सही केली. आणि देवळाच्या जागेसाठी झोनिंगवाले छळायला लागले की आपले वकील ज्या कायद्याचा आधार घेतात तो २००० सालचा, सही डेमोक्रॅट क्लिंटनची, म्हणजे तेव्हा दोन्ही पक्षांना एवढी अक्कल होती.

आणि यातल्या शाळांच्या केसेस कोण लढलं? आपण नाही. आपण तेव्हा ग्रीन कार्डाच्या रांगेत होतो. लढले ते इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला धरून चालणारे ख्रिस्ती लोक, ज्यांची बातम्यांत रोज टिंगल चालते आणि आपल्या पॉटलकमध्येही "ते बायबलवाले" म्हणून चालते. झाडं त्यांनी लावली, आंबे आपण खातोय, आणि वर त्यांनाच मागास म्हणतोय.

मीडियाचं म्हणाल तर मला २०१४ सालचं ते कार्टून विसरता येत नाही. मंगळयान पहिल्याच फटक्यात मंगळाच्या कक्षेत गेलं आणि न्यूयॉर्क टाइम्सने काय छापलं, तर फेटेवाला शेतकरी गाय घेऊन श्रीमंतांच्या अंतराळ क्लबचं दार ठोठावतोय. नंतर माफी मागितली, ते ठीक. पण छापताना एकाही संपादकाला खटकलं नाही हेच मला सांगायचंय. ते लोक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, त्यांच्या खोलीत गाय पूजणारा किंवा रविवारी चर्चला जाणारा माणूस बसलेलाच नसतो. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकन लोकांचा पेपर-रेडिओ-टीव्हीवर विश्वास होता, २०२५ मध्ये २८ टक्के. एवढी घसरण उगाच होत नाही.

आपल्या गणपतीला तर घरातून चौकात मुद्दाम आणलेलं आहे, १८९३. (भाऊ रंगारी की टिळक हा वाद कृपया इथे काढू नका, मागच्या वेळी चाळीस मेल्स झाल्या.) टिळकांनी त्याला हार्वेस्ट फेस्टिव्हल म्हटलं असतं का?

फॉर्म बदला एवढीच विनंती.

आपला,
माजी खजिनदार

*

काका नमस्कार,

फॉर्मबद्दल १०० टक्के सहमत, हार्वेस्ट वाचून मलाही हसू आलं. पण बाकीचं इतकं सरळ नाहीये हो.

१२ जुलै २००७, अमेरिकन सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली, राजन झेद नावाचे हिंदू पुरोहित गायत्री मंत्र म्हणायला उभे राहिले आणि गॅलरीतून तिघांनी येशूच्या नावाने ओरडायला सुरुवात केली. ते तुमचे आंबे लावणारेच होते ना? २०२४ मध्ये लुईझियानाने आणि पुढच्या वर्षी टेक्सासने पब्लिक स्कूलच्या प्रत्येक वर्गात टेन कमांडमेंट्स लावायचा कायदा केला, त्यातली पहिलीच आज्ञा काय आहे वाचा, माझ्याशिवाय दुसरा देव मानू नको. माझी मुलगी घरी बाप्पाला नमस्कार करून बसमध्ये चढणार आणि वर्गात भिंतीवर ते वाचणार. तिने काय समजायचं?

वॉशिंग्टन राज्यातल्या पब्लिक स्कूलच्या त्या फुटबॉल कोचची केस, मॅचनंतर मैदानावर प्रार्थना करायचा तो, २०२२, सुप्रीम कोर्टाचा निकालही ६-३, कोचच्या बाजूने. तुम्ही मागे त्याच्याबद्दल लिहिलं होतंत की बिचारा एकटा गुडघ्यावर बसून शांतपणे प्रार्थना करत होता. विरोधी निकालपत्रात न्यायाधीश सोटोमायोर यांनी फोटो छापलेत, कोचभोवती खेळाडूंचा घोळका. माझ्या मुलीला त्या घोळक्यात उभं राहायचं नसेल तर तिला बेंचवर बसवणार नाहीत कशावरून? कुणी तोंडाने म्हणणार नाही, नुसतं बसवतील.

आणि १८९३ काढलंत म्हणून, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली होती. देव चौकात आला की त्याच्यामागे राजकारणही येतं, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार.

राग मानू नका. मोदकांची ऑर्डर तुमच्याकडेच देणारे.

*

ताई,

राग कसला, लिस्टवर कुणीतरी वाचतं हे कळलं. कोचचे फोटो तुझा मेल आल्यावर शोधून बघितले. तुझं बरोबर आहे, एकटा नव्हता, निदान सगळ्या वेळा नव्हता. मी ज्यांचं ऐकतो त्यांच्याकडून मला हे फोटो कळले नव्हते, म्हणजे एकाच खोलीत बसायचा रोग फक्त न्यूयॉर्क टाइम्सला नाही, लिहून ठेव मी कबूल केलं म्हणून, परत करणार नाही. निकाल मात्र मला आजही पटतो, कोचने देवाचं नाव घेतलं म्हणून त्याची नोकरी जावी असं मला वाटत नाही.

वर्गातल्या भिंतीचं, तर तो कायदा मलाही नको. केंटकीचा असाच कायदा सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये उडवला होता, आता पुन्हा कोर्टात भांडतायत. सरकारने भिंतीवर लावणं वेगळं आणि मी भाडं भरून संध्याकाळी आरती करणं वेगळं, हा फरक माझ्या बाजूचे बरेच लोक विसरलेत. पण त्यावर औषध म्हणून देवच झाकून ठेवा म्हणशील तर ते मला मान्य नाही. दोनशे वर्षं इथे सभागृहाची सुरुवात प्रार्थनेने होते, आणि त्याच रिवाजामुळे आपल्या माणसाला तिथे उभं राहता आलं. ते तिघे ओरडले, पोलिसांनी धरून नेले, मंत्र पुरा झाला. आपण लक्षात कुणाला ठेवतो, त्या तिघांना.

दंगलीचं खरं आहे, त्यावर मेलमध्ये भांडत नाही, चहाला ये.

*

मध्येच बोलतो, सॉरी. काकांनी मिलफर्ड सांगितलं पण ब्रॉंक्सची चर्चची केस सांगितली नाही. तिथे न्यूयॉर्क सिटीचा नियम होता की शाळेत शनिवार-रविवारी धार्मिक चर्चा चालेल पण उपासना नाही, आणि २०१४ मध्ये अपील कोर्टाने तो नियम उचलून धरला, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. मग मेयर म्हणाले राहू दे त्यांना, म्हणून राहिले. तेव्हा आरती ही चर्चा आहे की उपासना, हे कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवा. आपल्या आरतीत तशी चर्चाच जास्त असते.

*

सर्वांना नमस्कार,

कमिटीने काल नवीन फॉर्म पाठवला. "धार्मिक" वर टिक, वर्णन: गणेश पूजा आणि आरती, सर्वांना प्रवेश. खरं सांगायचं तर पाठवताना हात थोडा अडखळला. आज सकाळी शाळेच्या ऑफिसचं उत्तर आलं, दोन ओळींचं. तारीख पक्की आहे. आणि एकच प्रश्न, कार्यक्रमात उघडी ज्योत असणार आहे का, असल्यास फायर मार्शलचं परमिट लागेल, नाहीतर बॅटरीचे दिवे वापरावेत.

काका, निरांजनाचं काय करायचं? तुमच्याकडे यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे का?

— सचिव

*

नाही. परमिट काढा. फी मी भरतो, पण आरतीला बॅटरी लावलीत तर मी ताईच्या बाजूने मत देईन.