लोकरीची तकाकी की झिलई?

टकळीवाली (पवनारजवळ):
मी कापूस कातणाऱ्या घरातली. मैत्रिणीच्या मुलीने इंग्लंडहून येताना वेन्स्लीडेल मेंढीची पावशेर धुतलेली लोकर आणून दिली. हातात घेतली तर लोकर वाटेचना. न्हालेल्या पोरीची वेणी सोडावी तशा वीतभर लांब, नागमोडी बटा, आणि वर रेशमासारखी चमक. आमच्या कातणाऱ्या बायकांसाठी तिच्यावर चार ओळी लिहायच्या आहेत, पण त्या चमकेला म्हणू काय? ‘चकाकी’ लिहिलं तर भांड्यांची जाहिरात वाटते. ‘झिलई’ वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, “मेंढीले काय वारनिस मारलं का वं?”
दुसरं असं की एका मेंढीच्या अंगावरून निघालेल्या सगळ्या लोकरीला मिळून इंग्रजीत ‘फ्लीस’ म्हणतात, तसा आपल्यात काही शब्द आहे का?

पऱ्हाटी:
सासूबाईंना नमस्कार सांगा. झिलई वरून देतात, लाकडाला नाहीतर भांड्याला. इथे चमक केसाच्या घडणीतच आहे. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. मेरिनो मेंढीच्या बारीक, 17 ते 24 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केसावर ते दाट आणि कडा उचललेले, म्हणून उजेड विखुरतो. लिंकन, लेस्टर, कॉट्सवोल्ड, वेन्स्लीडेल या लांब लोकरीच्या मेंढ्यांचा केस जाड, त्यावरचे खवले मोठे आणि अंगासरशी बसलेले, म्हणून उजेड सरळ परततो. ‘तकाकी’ लिहा. दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या तोंडावर येते ना, ती.

निवांत:
मोत्याला ‘पाणी’ म्हणतात. लोकरीला का नको?

पऱ्हाटी:
मोत्याचं पाणी एका जागी, आत खोल दिसतं. ही चमक केसाच्या लांबीवरून धावते. शिवाय ‘लोकरीचं पाणी’ म्हटलं की धुतल्यावर उरलेलं गढूळ पाणीच आठवणार.

टकळीवाली:
पटलं. पण जाड केस तर आपल्या दख्खनी मेंढीचाही असतो. घोंगडी कुठे चमकते?

पऱ्हाटी:
जाडी सारखी वाटली तरी दख्खनी लोकरीत आतून पोकळ असलेले केस बरेच असतात, ते निस्तेज दिसतात. आणि वेन्स्लीडेलची चमक मुद्दाम राखलेली आहे. अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेल यांनी लेस्टरशायरमध्ये निवडून पैदास करत लेस्टर मेंढी सुधारली. त्या वाणाच्या नराचा यॉर्कशायरमधल्या लांब लोकरीच्या मेंढीशी संकर होऊन 1839 साली ब्लूकॅप नावाचा मेंढा जन्मला. वेन्स्लीडेलची वंशावळ त्याच्यापर्यंत जाते. तोंडाचा निळसर रंगही त्याचाच.

मेंढरंवाला (मेहकरकडचा):
ताई, आमच्या घरी मेंढरं हायेत म्हणून सांगतो. कोकराच्या पयल्या कातरणीच्या लोकरीले जावळ म्हंतात, लेकराच्या जावळासारखं. जावळाची घोंगडी टोचत नाई, भाव जास्त भेटते. बाकी एका मेंढीच्या लोकरीले येगळं नाव मी तरी आयकलं नाई. काऊन राहील? वर्सातून दोनदा कातरतो, केस आखूड, कातरला का जमिनीवर सांडते. गोळा करून पोत्यात भरला, मंग कोन्ती कोनाची कोन सांगन?

टकळीवाली:
दादा, हे मला सुचलंच नव्हतं. तिकडे ती अख्खी चादरीसारखी उतरते, म्हणून तिला नाव. मी ‘एका मेंढीची लोकर’ असंच लिहीन. ‘कातरण’ लिहिणार होते, पण ते शिंप्याच्या दुकानातलं.
आता माझी फजिती सांगते. कापसाच्या सवयीने मी ती पिंजली, पेळू (कातायच्या वाती) केले आणि टकळीवर चांगला पीळ देऊन काढली. निघाली सुतळी! तकाकी गेलीच, वर खरखरीत.

पऱ्हाटी:
ताई, क्रियापदच चुकलं. ही पिंजायची नाही, विंचरायची. पिंजली की केस आडवेतिडवे होतात आणि उजेड फुटतो. फणीने विंचरून सगळे केस एका दिशेला घ्या. कापसाचा तंतू बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसतो, त्याला धरून ठेवायला पीळ लागतो. हे केस आठ-दहा इंची, हलक्या पिळातही सुटत नाहीत. विणकरांना असं सूत ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, आवडतं, कारण ते मजबूत असतं आणि मागाच्या फणीत घासून त्याचा फारसा भुगा उडत नाही. गळ्याशी मात्र टोचेल, मफलर नका करू.

टकळीवाली:
विंचरली. उरलेल्या छटाकभर लोकरीचं सूत काढलं, तुरटी लावली आणि पळसाच्या फुलांच्या उकळीत टाकलं. तोच पळस आमच्या खादीवर फिका पिवळा येतो. हिच्यावर असा खुलला की सासूबाईंनी लडी उचलून दारात उन्हाला धरली. त्या “तकाकी” म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “कशी लकाकते पाय वं!” आता ‘लकाकी’ लिहू का?