'निर्मम' म्हणजे नक्की काय?

नौपाडेकर: बाबा गेले गेल्या महिन्यात. तेराव्याला डोंबिवलीचे काका निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळा, आता हळूहळू निर्मम व्हायला शीक." मला चक्क रागच आला, कारण निर्मम म्हटलं की हिंदी न्यूज चॅनेलवरची 'निर्मम हत्या'च आठवते आणि इथे बापाचं नुकतंच झालंय तर हे मला निर्दय हो म्हणतायत का? काकांचं संस्कृत पक्कं आहे म्हणून विचारतोय.

ऐरोलीकर: वाचून वाईट वाटलं, काळजी घे. निर् + मम. मम म्हणजे 'माझं', अस्मद् (संस्कृतातला 'मी') ची षष्ठी, तेव्हा निर्मम म्हणजे 'माझं माझं' हा भाव नसलेला. गीतेच्या १२व्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना 'निर्ममो निरहंकारः' येतं, आणि त्याच श्लोकात जरा आधी 'करुण' पण आहे, म्हणजे निर्दयचा प्रश्नच नाही. तो अर्थ हिंदीतून येतोय, आपल्या पेपरात तिथे 'निर्घृण हत्या' छापतात.

नेरूळची ताई: हो पण ममता पण त्याच मम मधून आलीये ना! मग कुणी निर्मम म्हणजे माया नसलेला असं धरलं तर बिचाऱ्याचं काय चुकलं? माझी आई गेली तेव्हा येईल त्याला मी एकच सांगायचे, माझं माहेर संपलं, मला आता कोण विचारणार. त्यात रडू आईसाठी किती आणि माझ्यासाठी किती हे अजून वेगळं करता येत नाही मला, आणि करावं असं वाटतही नाही.

नौपाडेकर: ताई, सेम. बँकेत, सोसायटीत, जिथे जाईन तिथे फॉर्मवर 'मयताशी नाते' असतंच. ठाण्यात अर्धे लोक मला 'सरांचा मुलगा' म्हणूनच ओळखतात, ते पण सोडायचं का?

ऐरोलीकर: ते कशाला! सरांचा मुलगा म्हण की खुशाल. पण 'माझे बाबा असे कसे जाऊ शकतात' म्हणून जो हक्क आपण सांगत बसतो ना, काका बहुतेक तेवढ्याबद्दलच बोलत असतील.

तलावपाळी: अवांतर, संस्कृतात घृणाचा एक अर्थ दया, म्हणून निर्घृण म्हणजे दया नसलेला. आपण मराठीत घृणा म्हणजे किळस धरून बसलोय. आणि नौपाडेकर, काकांना फोन कर रे, त्यांचाही भाऊच गेलाय.

नौपाडेकर: हो, आज रात्रीच करतो.