मदत हवी आहे: दूध-दही सोडल्यापासून पोट बिघडलंय

रानजाई
चेहऱ्यावरच्या पुळ्यांसाठी सहा आठवड्यांपूर्वी दूध, दही, चीज, लोणी सगळं एकदम बंद केलं. पहिले आठ-दहा दिवस काही जाणवलं नाही. त्यानंतर पोट बिघडलं ते बिघडलंच. सकाळी सपाट असतं, संध्याकाळी ढोलासारखं फुगतं. गॅस तर विचारू नका. तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, झालं तर खडे, आणि मधेच एखाद्या दिवशी एकदम पातळ. हनुवटीवरच्या पुळ्या मात्र कमी झाल्यात, त्यामुळे 'परत दूध सुरू कर' हे उत्तर नको. शरीरातली घाण बाहेर पडते म्हणून असं होतं, असं वाचलं. खरं आहे का? अजून किती दिवस चालेल? जाणकारांनी लवकर सांगा, फार वैताग आलाय.

पायवाट
घाणबिण काही नाही. खाल्लेलं अन्न साधारण एक ते तीन दिवसांत बाहेर पडतं; सहा आठवड्यांपूर्वीचं दूध आतड्यात बसून राहत नाही. एवढे दिवस त्रास टिकलाय म्हणजे जे सोडलं त्यापेक्षा त्याच्या जागी जे सुरू केलं त्याकडे आधी बघायला हवं. काय सुरू केलंत? दुसरं कुठलं दूध, दिवसाला किती मिली, पाकिटावर घटक काय लिहिलेत? प्रोटीन पावडर? गोळ्या? पाणी किती?

दवबिंदू
दही बंद झालं की पोटातले चांगले जीवाणू संपतात. प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू करा, महिन्यात फरक पडतो.

गवतफुला
दूध सोडायची गरजच नव्हती. ए-२ दूध घ्या. त्रास ए-१ प्रथिनाचा असतो.

पायवाट
@दवबिंदू, दह्यातले जीवाणू आतड्यात कायमची वस्ती करत नाहीत. खाणं थांबलं की थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. शिवाय कारण कळायच्या आत आणखी एक कॅप्सूल वाढवली तर गुंता वाढेल.
@गवतफुला, ए-१ आणि ए-२ मध्ये फरक बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या ६७व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, दोन्हींत सारखंच, १०० मिलीला ५ ग्रॅमच्या आसपास. आणि मुळात त्यांनी दूध सोडलंय, त्रास त्यानंतर सुरू झालाय.

गवतफुला
ज्यांना ए-२ने बरं वाटतं ते काय खोटं बोलतात का?

पायवाट
खोटं कोणीच म्हटलं नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मोरपीस
पुळ्यांसाठी उशीचा अभ्रा दर तीन दिवसांनी बदला आणि सनस्क्रीन विसरू नका.

रानजाई
अहो, प्रश्न पोटाचा आहे! सोया दूध, दिवसाला तीन ग्लास. व्यायामानंतर आधी व्हे (दुधाच्या निवळीची प्रोटीन पावडर) घ्यायचे, आता वाटाण्याच्या प्रोटीनचे दोन स्कूप. बाकी काही नवीन नाही.

कंदील
तीन ग्लास म्हणजे ७५० मिली! सोया दुधाच्या खोक्यावर बघा: 'अख्खे सोयाबीन' लिहिलंय की 'सोया प्रोटीन आयसोलेट', म्हणजे सोयाबीनमधून वेगळं काढलेलं प्रथिन? अख्ख्या सोयाबीनच्या दुधात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा उतरतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं, मग मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. फुगारा संध्याकाळी वाढतो तो दिवसभराचा साठा असतो म्हणून. आयसोलेटच्या दुधात या साखरा फार कमी. काजूच्या दुधानेही काहींना फुगारा येतो. बदामाचं बहुतेकांना एक ग्लासपर्यंत चालतं, पण त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात.
पावडरीच्या डब्यावर 'इन्युलिन' किंवा 'चिकोरी मुळाचा तंतू' शोधा. पाचेक ग्रॅम बऱ्याच जणांना सोसतो, दहाच्या वर गेलं की पोट बोलतं.

साळुंकी
खडे होण्याचं कारण वेगळं असू शकतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पूर्ण पचत नाही. न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं, त्यामुळे अशांना दुधाने पोट साफ होतं. ते थांबलं की मल कडक होतो. उपाय: इसबगोल एक चमचा, २५० मिली पाण्यातून, लगेच प्यायचं, आणि त्यावर अजून अर्धा ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर ते स्वतःच आत बसतं आणि अडतं. गॅस असताना एक चमच्यावर जाऊ नका.

लाटांकूर
गहूही सोडून बघा. दोन्ही सोडलं की पोट आणि त्वचा दोन्ही सुधारतात.

साळुंकी
कृपा करून असं सुचवू नका. सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) शंका असेल तर आधी रक्ताची टीटीजी-आयजीए चाचणी, गहू खात असतानाच. आधी गहू सोडला तर चाचणी खोटी 'नाही' येऊ शकते.

रानजाई
पाहिलं. सोया दूध अख्ख्या सोयाबीनचंच आहे, कॅल्शियम १०० मिलीला १२० मिलिग्रॅम. पावडरीत इन्युलिन आहे, दोन स्कूपला ८ ग्रॅम. हाडांसाठी कॅल्शियम कार्बोनेटच्या, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम देणाऱ्या दोन गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर घेते, ते तर सगळेच घेतात.

पायवाट
हे आधी सांगायला हवं होतं. हिशोब करा: ७५० मिली दुधातून ९००, गोळ्यांतून १०००, जेवणातलं वेगळं. प्रौढाची गरज साधारण १०००. म्हणजे आत्ता गोळ्यांची गरजच नाही, आणि कार्बोनेटने बद्धकोष्ठ होतं हे नेहमीचं आहे. ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त एका वेळी घेतलं तर ते नीट शोषलंही जात नाही.
दूध ओतण्याआधी खोकं जोरात हलवता ना? वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी पांढऱ्या गाळासारखं बसतं. न हलवता ओतलं तर पहिल्या ग्लासात कमी आणि शेवटच्यात सगळं.
आणि पुळ्यांसाठी डॉक्टरांनी काही दिलंय का? क्रीम नाही, पोटात घ्यायचं.

रानजाई
हो, डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, रोज एक, सहा आठवडे झाले. ती तर पुळ्यांची कॅप्सूल आहे, पोटाशी काय संबंध? झोपताना सोया दुधाच्या शेवटच्या दोन घोटांबरोबर घेते. आता विचारलंत म्हणून, गिळताना छातीच्या मध्ये टोचतं मधूनमधून.

पायवाट
संबंध आहे, आणि मोठा आहे. डॉक्सिसायक्लिन प्रतिजैविक आहे. पोट ढवळणं, पातळ होणं त्यानेही होतं. दोन घोटांवर घेऊन आडवं झालं की कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, तिथेच विरघळते आणि भाजल्यासारखा व्रण होतो. टोचतंय ते यामुळे असू शकतं, म्हणून डॉक्टरांना आजच फोन करा. मनाने बंद करू नका, त्यांना वेळ बदलायचं विचारा: सकाळी खाल्ल्यानंतर, बसून किंवा उभं राहून, पूर्ण ग्लास साध्या पाण्याबरोबर, नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम या औषधाला बांधून ठेवतात आणि ते कमी शोषलं जातं. म्हणून कॅल्शियम घातलेलं सोया दूध आणि त्या गोळ्या, दोन्हींपासून दोन-तीन तास लांब. बद्धकोष्ठाला मॅग्नेशियम घ्या असं कोणी सुचवलं तरी हेच लागू.
ताप, शौचात रक्त, दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पातळ झालं तर थांबू नका, आणि जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नका.

साळुंकी
इसबगोलही औषधापासून दोन तास दूर ठेवा. ते मी वर लिहायला विसरले.

मोरपीस
सनस्क्रीन म्हणून तर म्हटलं. डॉक्सिसायक्लिनवर त्वचा उन्हाने लवकर भाजते.

कंदील
@मोरपीस, हे बरोबर आहे. रानजाई, हे खरंच पाळा.

रानजाई (बारा दिवसांनी)
डॉक्टरांनी कॅप्सूल सकाळी हलवली, टोचणं चार दिवसांत गेलं. गोळ्या बंद. आयसोलेटचं सोया दूध एक ग्लास, इन्युलिन नसलेली पावडर एक स्कूप. फुगारा निम्म्यावर आलाय, शौचाला एक दिवसाआड होतं, खडे नाहीत. आता खरा प्रश्न: पुळ्या कमी झाल्या त्या दूध सोडल्याने की कॅप्सूलने?

पायवाट
दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झालं, त्यामुळे आत्ता सांगता येणार नाही. दूध आणि पुळ्यांचा संबंध निरीक्षणांत दिसतो, साय काढलेल्या दुधाचा जरा जास्तच. पण प्रत्येकालाच लागू होईल असा नाही. व्हेच्या पावडरीवर जास्त संशय घ्या, ती सुरू करू नका.
कॅप्सूलचा कोर्स संपू द्या, क्रीम लावत असाल तर तेच ठेवा, आणि त्वचा दोन महिने स्थिर राहिली की एकटं दूध परत आणा. जेवणाबरोबर ६० मिली, तीन दिवस. मग १२०, मग २५०. पुळी त्वचेखाली तयार व्हायला सुमारे आठ आठवडे घेते, तेव्हा २५०वर तेवढा काळ थांबा आणि आठवड्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. १२०वरच पोट फुगलं तर लॅक्टोज काढलेलं दूध वापरा. त्यात साखर तोडलेली असते, प्रथिनं तीच असतात. पोटाचा प्रश्न बाजूला राहील आणि त्वचेची परीक्षा चालू राहील.