लिंबू धरतं आणि गळून जातं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्यात टेरेसवर अर्ध्या ड्रममध्ये कागदी लिंबू आहे, सासूबाईंनी बी रुजवून केलेलं, आता सहावं वर्ष चालू आहे आणि फुलं भरपूर येतात पण फळ वाटाण्याएवढं झालं की देठापासून गळतं, रोज सकाळी झाडताना सुपलीत मूठभर निघतात, खूप वाईट वाटतं हो. नवीन पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, आणि काही पानं आकसून त्यावर चंदेरी नागमोडी रेघा, ती नागअळी असणार, नीमतेल मारतेय. पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या तर मी हातानेच वेचते. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर बसतो इतकं जड, त्यामुळे झाडाला लोह, झिंक मिळत नसेल का? चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट (झाडाला सहज घेता येतील अशी लोह-झिंकसारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं) फवारायचं तर लिटरला किती? आणि शेतात हस्त बहारासाठी (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्यासाठी) पावसाळा संपताना पाणी तोडून ताण देतात तसं ड्रममध्ये चालेल की झाडच जाईल? उपटून नवीन लावा असं प्लीज सांगू नका, सासूबाई आता नाहीत. कुंडीत लिंबू घेतलेल्यांनी काय काय केलंत ते सविस्तर लिहा ना.